खोली क्रमांक चौदाचा उंबरठा

तुये, ८ जून २०२५

भाई,

तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून हे टपालाने. वास्कोचा पत्ता मनीषा वहिनीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी दोनदा विचारल्यावर दिला.

आते १६ एप्रिलपासून डिचोली तालुक्यात, आमच्या संस्थेने बांधलेल्या ज्येष्ठ निवासात राहते. खोली क्रमांक चौदा. 'ऋतिकाने आतेला आश्रमात टाकली' असं तू वहिनीजवळ म्हणालास. तो आश्रम नाही. साठीच्या पुढच्या, स्वतःचं घर नसलेल्या आणि तुटपुंज्या उत्पन्नावर जगणाऱ्या माणसांसाठी चोवीस खोल्या आहेत. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळं. दुपारचं जेवण हवं असेल तर सभागृहात मिळतं. खोल्या चिठ्ठ्या टाकून दिल्या. अर्जदारांत माझी आते आहे हे मी आधीच लेखी कळवलं होतं आणि चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी कार्यालयात गेले नव्हते. तिची चिठ्ठी सातवी निघाली.

आपल्या चोपड्याच्या घराबद्दल. मी स्वतः ओळंबा लावला होता. माजघराची नदीकडची भिंत बेचाळीस मिलिमीटर बाहेर झुकली होती. आढ्याला वाळवी होती. पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत जात होता. पंचायतीची नोटीस दोनदा आली. तू म्हणालास, बोटीवरून उतरलो की बघतो. तू दोनदा उतरलास आणि दोनदा परत चढलास. तिसऱ्यांदा मी थांबले नाही. १२ मे रोजी घर उतरवलं.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी चार. आते तेव्हा नुकतीच विधवा होऊन माहेरी आली होती. तिने आपल्याला वाढवलं, आणि तुला पाच वर्षं जास्त आठवतं म्हणून तिच्याबद्दल बोलण्याचा अधिकार तुझा जास्त, असं तू समजतोस. तसं असेलही. पण माझी तुयेची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, तिथे आम्ही तिघी भाड्याने राहतो आणि आतेचे गुडघे जिना चढत नाहीत. ती तुझ्याकडे वास्कोला का नाही हे तुला माहीत आहे. मी विचारत नाही.

खोल्यांचे नकाशे मी काढले आहेत, म्हणून थोडं सांगते. दाराची मोकळी रुंदी एक मीटर आहे, म्हणजे चाकांची खुर्ची सरळ आत जाते. दाराला उंबरठा नाही. व्हरांड्यापासून न्हाणीपर्यंत फरशी एका पातळीत आहे. बारा मिलिमीटरपेक्षा उंच काही कुठेही नको, हा नियम मी लिहिला आणि भांडून मंजूर करून घेतला. म्हातारी माणसं घरातच पडतात आणि बहुतेक दारातच पडतात, याचे आकडे माझ्याकडे आहेत. दाराच्या आत उजव्या हाताला साडेआठशे मिलिमीटर उंचीवर धरायला स्टीलची दांडी आहे.

शेजारी तेरा नंबरमध्ये बाबलीकाका आहेत. खाणीवर ट्रक चालवायचे. पहिल्याच दिवशी माझं दार बघून म्हणाले, "बाय, दार इतक्या रुंद कित्याक? म्हशीक आत घेवची आसा?" त्यांच्या खोलीतल्या दांडीवर त्यांनी सुके बांगडे टांगलेत. मी दोनदा काढायला सांगितले. ते म्हणाले, "मी पडलंय काय बांगड्यांक धरतलंय."

आते ठीक आहे. पहिला महिना ती भिंतीला टेकून, बसूनच झोपायची. आता आडवी होते. तुला वाटलं तर रविवारी ये. डिचोलीच्या बसस्टँडवरून रिक्षा मिळते.

ऋतिका

तुये, १० ऑगस्ट २०२५

भाई,

उत्तर आलं नाही, पण पत्रही परत आलं नाही. म्हणजे पोचलं.

गणपतीची चवथ २७ तारखेला आहे. गेल्या आठवड्यात आते बाबलीकाकांच्या फोनवरून तुझ्याशी बोलली, हे मला त्यांच्याकडून कळलं. ती अकरा मिनिटं बोलत होती. मला तिने एवढंच सांगितलं की रुद्रो चवथीक येतलो. आणि मग उंबऱ्याचा विषय काढला.

तुला हे सांगितलंच पाहिजे. घर उतरवलं त्या दिवशी आते तिथे आली होती. कौलं, वासे, दारं यांतलं तिला काही नको होतं. फक्त पुढच्या दाराचा उंबरठा मागितला. फणसाचा. मजुरांनी तो चौकटीतून सोडवून दिला आणि तेव्हापासून तो तिच्या खाटेखाली होता. मी मोजला आहे. टोकांना पंच्याण्णव मिलिमीटर उंच, मधोमध एक्क्याऐंशी. चौदा मिलिमीटर झीज ही आपल्या पायांची.

तू एकोणीस वर्षांचा असताना पहिल्यांदा बोटीवर निघालास, तो दिवस मला चांगला आठवतो. आतेने तुझ्या हातावर दही घातलं आणि उजवा पाय आधी टाकायला लावला. तू वळणावर दिसेनासा झाल्यावर तिने उंबऱ्यावर पाणी घातलं, फूल ठेवलं, आणि मला सांगितलं की दर्यार गेलेलो माणूस ज्या उंबऱ्यावयल्यान भायर पडलो, त्याच उंबऱ्यावयल्यान घरात येवचो. नाय तर तो अर्दो खंयतरी भायरच रवता. त्यानंतर तू नऊ वेळा आलास आणि नऊही वेळा तिने तुला मागच्या दाराने येऊ दिलं नाही. एकदा पुढच्या दारात शेण सारवलेलं ओलं होतं, तर ते वाळेपर्यंत तुला अंगणात कदेल टाकून बसवलं होतं.

तिचं म्हणणं एवढंच: रुद्रो येतलो, तर उंबरो दाराक लाव.

मी नाही म्हटलं. नियम समजावला. आकडे सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाय, चाळीस वर्सां मी तो उंबरो ओलांडतंय. माका दिसना नाय झाला तरी पायाक कळता."

काल मी तो लावला. नवीन चौकटीत बसेना, म्हणून तुयेच्या सुताराकडून दोन्ही टोकं मिळून एकशेवीस मिलिमीटर कापून घेतला. फरशीला भोक पाडलं नाही. दोन बाजूंना लोखंडी कोन आणि चार स्क्रू. सहा मिनिटांत निघतो. बाबलीकाकांनी एक टोक धरलं होतं. आमच्या संस्थेला ते सरकारच म्हणतात. म्हणाले, "सरकारान उंबरो काडलो, सरकारान उंबरो लायलो. तुज्या खात्याचा काय खरा नाय." मी त्यांना सांगितलं की हे तात्पुरतं आहे आणि कुठे बोलायचं नाही.

आतेने त्यावर हळद-कुंकू घातलं, अबोलीचं एक फूल ठेवलं आणि तीनदा आतबाहेर करून दाखवलं. मोतीबिंदूमुळे तिला फूलही नीट दिसत नाही. पाय मात्र बरोबर तेवढाच वर उचलते. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती व्यवस्थित चालते.

तू ये. माझ्याशी बोलायची गरज नाही. मी त्या दिवशी सभागृहात, गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला असेन.

ऋतिका

तुये, ९ सप्टेंबर २०२५

भाई,

तू आला नाहीस.

वहिनी म्हणाली, ड्युटी लागली. चवथीच्या आदल्या दिवशी तू वास्कोच्या बाजारात होतास हेही तिने बोलण्याच्या ओघात सांगितलं. तिला कळलं नाही की ती सांगते आहे. मी तो विषय वाढवला नाही.

चवथ कशी झाली ते लिहिते. चोवीस खोल्यांत मिळून गणपती एकच, सभागृहात. माटोळीला लागणारी फळं बाबलीकाकांनी कुठून कुठून आणली; काही कुंपणापलीकडच्या बागायतीतली असावीत. सुविधाने, म्हणजे निवासाची देखभाल करणाऱ्या मुलीने, सगळ्यांच्या सारण भरलेल्या नेवऱ्या एका कढईत तळून दिल्या. ती कंत्राटावर आहे. सकाळी सातला येते, फरशा पुसते, औषधांच्या वेळा बघते, आणि कुणाचा मुलगा फोन उचलत नसेल तर त्या माणसाजवळ दहा मिनिटं बसते. हे शेवटचं तिच्या कामाच्या यादीत नाही.

आते सभागृहात आलीच नाही. आरतीलाही नाही. दार उघडं टाकून खोलीत दाराकडे तोंड करून बसली होती. तू आलास आणि ती दुसरीकडे असली तर तू आधी सभागृहात जाशील, आणि मग तुझं पहिलं पाऊल उंबऱ्यावरून पडणार नाही, असं तिचं गणित. बाबलीकाका तिला बोलवायला गेले: "पद्मावती, देव थंय आसा, तू हय कोणाची वाट बगतंस?" ती म्हणाली, "देव खंय जाता? तो अकरा दिस आसा."

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेपर्यंत ती बसली. मग तुझ्या वाटणीच्या पाच नेवऱ्या डब्यात भरल्या आणि झाकणाला फडकं बांधलं.

तिचा तुझ्यावर राग नाही. असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाली, तुळशीच्या लग्नाक येतलो.

चवथ झाल्यावर मी उंबरठा काढणार होते. तसं ठरलं होतं. तिने विचारलं, "आता काडून परत कित्याक लावतंस? आसूं दी." मी राहू दिला. हा निर्णय नियमाविरुद्ध आहे आणि तो माझा आहे. तुझ्यावर ढकलत नाही. पण तू आला असतास तर तो २८ ऑगस्टला निघाला असता, हेही खरं आहे.

तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरला आहे. रविवार आहे.

ऋतिका

डिचोली, २९ ऑक्टोबर २०२५

भाई,

वहिनीकडून कळलं की तू १४ तारखेपासून बोटीवर आहेस आणि दहा-बारा दिवस तरी उतरणार नाहीस. हे पत्र तरीही घरच्या पत्त्यावर टाकते. तुमच्या कंपनीच्या कार्यालयातही निरोप दिला आहे; तुझ्यापर्यंत पोचवतो म्हणाले.

काल, मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास आते खोलीच्या दारात पडली. डाव्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं आहे. शस्त्रक्रिया लागेल. वय, साखर आणि छातीचा जुना त्रास यांमुळे डॉक्टर लगेच करायला तयार नाहीत.

कारण ओली फरशी. काल निवासाची तपासणी होती. पुढचा टप्पा, आणखी चोवीस खोल्या, त्या तपासणीवर अवलंबून होता. त्यामुळे सकाळी फरशा दुसऱ्यांदा पुसल्या होत्या. अपघाताच्या अहवालात मी तसंच लिहिलं आहे.

आते शुद्धीवर आहे. वेदनेच्या इंजेक्शनमुळे काहीबाही बोलते. तुझं नाव घेते.

जमेल तेवढ्या लवकर ये.

ऋतिका

डिचोली, ८ नोव्हेंबर २०२५

भाई,

आते काल पहाटे गेली. छातीत पाणी भरलं. शस्त्रक्रिया झालीच नाही.

कंपनीच्या माणसाने सांगितलं की तुझी बोट कोचीला आहे आणि तू निघाला आहेस. थांबावं का, असं भटजींनी विचारलं. किती वेळ ते कुणालाच सांगता येईना. अग्नी मी दिला. एकदोघं कुजबुजले. बाबलीकाका म्हणाले, "ती नाय तर कोण, मी? गप रवा."

तिच्या वस्तू खोलीत आहेत. बारावा १८ तारखेला. तोपर्यंत खोली तिच्या नावावर ठेवायची मी विनंती केली आहे.

नेवऱ्यांचा डबा होता. मी तो उघडला नाही.

ऋतिका

तुये, २० नोव्हेंबर २०२५

भाई,

परवा तू आलास, पावणेदोन तास होतास आणि गेलास. त्या वेळात मी तुला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. आता लिहिते. शेवटपर्यंत वाच, मग हवं ते कर.

२९ ऑक्टोबरच्या पत्रात मी खोटं लिहिलं. फरशी ओली नव्हती.

तपासणीची वेळ दहाची होती. निधी देणाऱ्यांकडून तिघं येणार होते आणि त्यांच्या यादीतला पहिला मुद्दा माझ्याच नकाशातला होता: सर्व दारं उंबरठ्याविना. चौदा नंबरच्या दारात पंच्याण्णव मिलिमीटरचा फणसाचा तुकडा होता, तोही मी बसवलेला. आदल्या रात्रीपर्यंत मी ठरवलं होतं की आतेला सांगून काढायचा आणि दुपारी परत लावायचा. सकाळी साडेनऊला मी पोचले तेव्हा ती सभागृहात नाश्त्याला गेली होती. त्यानंतर मंगळवारचं भजन असतं. ती साडेअकराशिवाय परतत नाही. मी सभागृहाच्या दारापर्यंत गेले. ती पोदेराने आणलेला पाव चहात बुडवून खात होती आणि बाबलीकाकांना कशावरून तरी हसत होती. मी आत गेले असते तर तिने विचारलं असतं, काढतेस का, परत कधी लावशील, रुद्रो मधल्या वेळात आला तर. मला उत्तरं द्यावी लागली असती. समजावण्यात दहा मिनिटं गेली असती.

मी परत फिरले. चार स्क्रू काढले. सहा मिनिटं लागली. हळद-कुंकवाचे डाग ओल्या फडक्याने पुसले आणि उंबरठा मीटरच्या खोलीत, दारामागे उभा केला. सुविधाने पावणेदहाला सगळ्या फरशा पुसल्या, कारण मीच तिला तसं सांगितलं होतं.

तपासणी उत्तम झाली. त्यांतल्या एकीने चौदा नंबरच्या दारातून चाकांची खुर्ची आतबाहेर ढकलून पाहिली आणि म्हणाली, "हे खरं काम." मला आनंद झाला. मी त्यांना कार्यालयात चहाला घेऊन गेले. सव्वाअकरा झाले होते. गाडीत बसवते आणि जाऊन उंबरठा लावते, असा विचार होता. पण ते बोलत राहिले आणि मी बोलू दिलं.

भजन संपल्यावर आते परत येताना कुंपणाकडे गेली. तुळशीच्या लग्नाला पाच दिवस होते आणि तू येशील असं ती धरून होती, म्हणून त्या आठवड्यात ती उंबऱ्याला रोज ताजी फुलं घालत होती. झेंडू आणि अबोली तोडली. व्हरांड्यात आली, चपला काढल्या आणि दारात नेहमीप्रमाणे उजवा पाय उचलला. उंबऱ्याइतका. तिला दिसत नव्हतं, पायाला माहीत होतं, आणि पायाला जे माहीत होतं ते मी दोन तासांपूर्वी काढून घेतलं होतं. पाय जिथे टेकायला हवा तिथे टेकला नाही. ती पुढे, खोलीत, डाव्या कुशीवर पडली. बाबलीकाका मागून येत होते, त्यांनी पाहिलं.

मी धावत आले. पहिलं काम काय केलं ते लिहिते, कारण तेच मला सगळ्यात जास्त टोचतं. मी फरशीला हात लावून पाहिला. कोरडी होती. हे कळल्यावर मी आतेजवळ बसले.

अहवालाच्या छापील कागदावर 'कारण' असा एक रकाना आहे. दोन इंच रुंद. त्यात मी लिहिलं: ओली फरशी. माझ्या अक्षरात, सहीसकट. त्यावर १ नोव्हेंबरला सुविधाला कामावरून बंद केलं.

रुग्णालयात आते काहीबाही बोलत नव्हती. पहिल्या दिवशी ती मला स्पष्ट म्हणाली, "पाय टाकलंय तो उंबरो गावलोच नाय गो बाय." मी म्हटलं, तू घसरलीस. तिने विचार केला आणि विचारलं, "उंबरो आसा मगो थंय?" मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, "मगे माजाच चुकला." आणि मी तेही तसंच राहू दिलं. त्यानंतर दहा दिवस ती डॉक्टरांना, नर्सला, बाजूच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती की चाळीस वर्षांत एकदा तिचा पाय चुकला.

शेवटच्या संध्याकाळी तिने तुझ्यासाठी निरोप दिला होता. "रुद्रो इलो काय सांग त्याका, पाय वर घेवन ये. उंबरो नव्या जाग्यार आसा, ठेच लागतली." हा निरोप मी तुला दिला नाही. आता देते.

परवा तू सुविधाला जे बोललास त्यावर. ती कामावर नसतानाही बाराव्याला आली होती, पानं वाढत होती. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "पाणी पुसूक येना नाय तर कामार कित्याक येतास?" तिने हातातलं पान मांडलं आणि पुढचं उचललं. मी तिच्यापासून एका हातावर होते. बाबलीकाका माझ्याकडे बघत होते. त्यांना उंबरठ्याचं माहीत आहे. त्यांनीच तर टोक धरलं होतं. इतके दिवस ते मला काही बोलले नव्हते. तू गेल्यावर फक्त म्हणाले, "बाय, माजे बांगडे तू दोनदा काडूक सांगितलंस. आता मी तुका एकदाच सांगतंय."

काल सकाळी मी सुविधाच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. तिने मला बसायला दिलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "फरशी सुकी होती, माका ठावक होता. हातान पुसलेली ती मी. पण तुमी इंजिनियर. तुमी ओली लिवलात म्हटल्यार माकाच वाटूक लागला, आसात ओली."

तिथून मी कार्यालयात गेले. दुरुस्त अहवाल दिला आहे. त्याची प्रत या पत्रासोबत जोडते. 'कारण' या रकान्यात जागा पुरली नाही, मागच्या बाजूला लिहिलं. सुविधाला परत घेतील असं साहेब म्हणाले. लेखी मिळेपर्यंत मी ते धरत नाही. माझं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात ठरेल. दुसऱ्या टप्प्याचे नकाशे मी कपाटात ठेवून किल्ली दिली आहे. उंबरठा नसावा हे बरोबर आहे. माझे आकडे अजूनही बरोबर आहेत. आते त्या आकड्यांत कुठे बसत नाही, एवढंच. कारण ती उंबऱ्याला अडखळून पडली नाही.

उंबरठा माझ्याकडे आहे, तुयेला, भिंतीला टेकून. कापलेले दोन तुकडेही आहेत. तो तुझा आहे. नेवऱ्यांचा डबाही.

तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. चोपड्याचं घर मी पाडलं ते योग्य होतं, पुन्हा पाडेन. हे दुसरं योग्य नव्हतं. दोन्हींना एकाच रागात धरू नकोस, एवढं मागते.

आणि आणखी एक. परवा तू आलास तेव्हा मी खोलीत, आत उभी होते. तू व्हरांड्यात चपला काढल्यास. बाबलीकाकांच्या फोनवर आतेने तुला सांगितलं होतं की उंबरो नव्या दाराक लायलो. तू खाली न बघता उजवा पाय उचललास, चांगला वर, जसा चोपड्याला उचलायचास तसा. पाय रिकाम्यातून खाली आला. तू पुढे झुकलास, हात उजवीकडे गेला, दांडी सापडली आणि तू सावरलास. मग खाली पाहिलंस आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोललास: "उंबरो खंय?"

मी म्हटलं, "आते गेल्यावर काढला."

ती दांडी आतेच्याही उजव्या हाताला होती, साडेआठशे मिलिमीटरवर. मी तीनदा मोजून बसवली होती. आतेच्या दोन्ही हातांत फुलं होती.

ऋतिका